गरम पाण्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह

मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. मित्रांनो, माझ्या जातीचे तोंड तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आम्ही कपाटात, टॉवेलांच्या मागे राहतो. घर उबदार झाले की लोक रेडिएटरवर हात ठेवतात, पाणी गरम आले की नळाचे कौतुक करतात. आमची आठवण बिघाड झाल्यावरच येते, आणि तीही शिवी देऊन. आज मी भंगाराच्या बादलीत पडलो आहे. माझ्या टोपीला खोल पोचा आहे आणि माझी दांडी वाकडी आहे. हे कसे झाले ते सांगतो. गोष्ट मारहाणीची आहे आणि ती गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

माझा जन्मही मार खाऊनच झाला. लालभडक पितळेच्या गोळ्यावर दाबयंत्र आदळले, मग पात्यांनी माझे पोट कोरले आणि दोन्ही तोंडांना आटे पाडले. एका तोंडाने पाणी आत यायचे, दुसऱ्याने बाहेर जायचे, आणि मध्ये माझे दार. डोक्यावर पत्र्याची टोपी, टोपीखाली चिमुकली मोटर आणि एक तापट स्प्रिंग. वीज आली की मोटर दार उघडते, वीज गेली की स्प्रिंग ते मिटवून टाकते. टोपीच्या कडेला एक खाच असते आणि खाचेतून एक छोटी दांडी बाहेर येते. मोटर मेलीच तर ही दांडी हाताने सरकवून खाचेत अडकवायची, म्हणजे दार उघडे राहते. ही दांडी लक्षात ठेवा.

ऑम्बलर नावाच्या प्लंबरने मला विलायतेतल्या हल नावाच्या बंदरातल्या हेसल रोडच्या एका गल्लीत आणले. तिथल्या घराघरातला पुरुष जहाजावर. तीन आठवडे उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात कॉड मासा पकडायचा, तीन दिवस घरी यायचे, की पुन्हा निघायचे. वॉल्ट स्टॅदर्स त्यातलाच एक. घरात त्याची बायको नॉर्मा आणि त्याची विधवा आई फ्लॉरी. कोळशाची शेगडी काढून गॅसचा बॉयलर बसवायचे त्यांनी ठरवले होते. बॉयलरचे गरम पाणी एका वाटेने खोल्या उबदार करणाऱ्या रेडिएटरांत फिरते आणि दुसऱ्या वाटेने नळाच्या पाण्याची टाकी तापवते. या वाटांवर व्हॉल्व्ह कोणता घ्यायचा, यावर स्वयंपाकघरात खल चालला होता. ऑम्बलरने आम्हाला वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते.

"हा तीन तोंडांचा," तो म्हणाला. "एकच लागतो, जागा कमी खातो. रेडिएटर, पाण्याची टाकी, नाहीतर दोन्ही, सगळं हाच बघतो. पण बिघडला की दोन्हीकडे बोंब. आणि हे दोन तोंडांचे. जोडीनं घ्यावे लागतात, एक रेडिएटरच्या वाटेवर, एक टाकीच्या. एक मेला तरी दुसरा चालतो."

"पाणी लवकर कशानं तापेल?" नॉर्माने विचारले.

"तुला विचारलंय कुणी?" वॉल्ट गुरकावला. मग ऑम्बलरकडे वळून म्हणाला, "मला एवढंच सांग. रेडिएटर चालू ठेवून गरम पाणी ठार बंद करायचंय. कुठला घेऊ?"

"लोक उलटं विचारतात हो."

"लोकांच्या घरचं कोणी समुद्रावर जात नसेल. जहाज सुटायच्या दिवशी या घरात धुणं होता कामा नये. बायका विसरतात. पाणीच गरम नसलं तर विसरणार कशा?"

ऑम्बलर हसला नाही. हेसल रोडवर या गोष्टीवर कोणी हसत नाही. पुरुष निघतो त्या दिवशी घरात कपडे धुतले तर तो समुद्रात धुऊन जातो, हे तिथे शेंबडे पोरही सांगेल. त्याला निरोपाचा हात करायचा नाही, दारातून मागे बोलवायचे नाही. फ्लॉरीने हे सारे नेम आयुष्यभर पाळले होते. तरीही तिचा नवरा दूर उत्तरेकडच्या बेअर बेटाजवळ बर्फाने जड झालेल्या जहाजासकट बुडाला होता.

"ठार बंद हवं तर वेगळे दोन घ्या," ऑम्बलर म्हणाला. "तीन तोंडांचा मध्ये अडकला तर पाणी थोडं झिरपतंच."

अशी आमची निवड झाली. माझा भाऊ रेडिएटरच्या वाटेवर बसला आणि मी गरम पाण्याच्या. जिन्याच्या माथ्यावर, न्हाणीघराच्या समोर, टाकीच्या कपाटात आम्ही शेजारी शेजारी राहू लागलो. जाण्यापूर्वी ऑम्बलरने फ्लॉरीला माझी दांडी दाखवली. "मोटर मेली तर ही अशी सावकाश रेटायची आणि इथं अडकवायची, मावशी. रेडिएटर चालू असले की मग टाकीपण तापते, गरम पाण्याचं खालचं बटण बंद का असेना." फ्लॉरीने दोनदा करून पाहिले आणि मान हलवली.

सुरुवातीचे दिवस बरे होते. टब भरून गरम पाणी म्हणजे काय, हे फ्लॉरीला म्हातारपणी कळले. अंघोळ करून ती कपाटाचे दार उघडायची, गरम टॉवेलात तोंड खुपसायची आणि टाकीवर थाप मारून म्हणायची, "शहाणी गं माझी बाय!" काम माझे, शाबासकी टाकीला. पण मला त्यात आनंद होता. नॉर्मा पावाची कणीक फुगायला माझ्या वरच्या फळीवर ठेवायची. कपाटाला साबणाचा आणि कणकेचा वास यायचा.

मग मासा आटला. दूरच्या देशांनी आपापल्या समुद्रातून हल बंदराच्या जहाजांना हुसकले, जहाजे गोदीत गंजू लागली, आणि ज्यांना काम होते तेही रिकाम्या जाळ्यांनिशी परत येऊ लागले. वॉल्ट आता घरी जास्त दिवस राहायचा. जहाजावरचा राग घरात काढायचा. मित्रांनो, मी कपाटात असलो तरी बहिरा नव्हतो. आधी त्याचा आवाज यायचा, मग काहीतरी फुटायचे, मग धप्प, आणि मग शांतता. मला त्या शांततेची सर्वांत जास्त भीती वाटायची.

एकदा त्याने जिन्याच्या माथ्यावर नॉर्मावर मूठ उगारली. ती खाली वाकली, मूठ कपाटाच्या दारातून आरपार आली आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. पुठ्ठ्यासारखे पातळ दार ते. मूठ मागे गेली, भोक तसेच राहिले. त्या दिवसापासून मला बाहेरचे दिसू लागले. न दिसते तर बरे होते, असे पुढे कितीदा तरी वाटले.

शेजारी आयव्ही राहायची. दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. मारहाण झाली की दुसऱ्या दिवशी ती नॉर्माला म्हणायची, "काल तुमचे पाइप फार वाजत होते गं."

"हो ना," नॉर्मा म्हणायची, "हवा अडकते त्यांच्यात."

सगळी गल्ली हेच म्हणू लागली. स्टॅदर्सांचे पाइप वाजतात. मला संताप यायचा. आमच्या पाइपांचे नाव कधी कुणी असे खराब केले नव्हते! शेवटी फ्लॉरीने ऑम्बलरला बोलावले. त्याने एकेक पाइप हाताने हलवून पाहिला. सगळे घट्ट होते. मग त्याची नजर दाराच्या भोकावर गेली. भोकाच्या कडेला रक्त वाळलेले होते. नॉर्माच्या सुजलेल्या गालाकडे एकदा बघून त्याने पाइपाची एक क्लिप उगाचच आणखी घट्ट केली आणि तो निघून गेला.

त्या हिवाळ्यात वॉल्टला एक फेरी मिळाली. ती पार वाया गेली. जाळे फाटले, जाळे ओढणाऱ्या विंचची तार तुटून एकाचा पाय गेला, आणि पकडलेला मासा कुणी विचारीना. वॉल्ट घरी आला तो दारातूनच ओरडत.

"धुणं कुणी धुतलं? मी गेलो त्या दिवशी धुणं कुणी धुतलं?"

"कुणीच नाही," फ्लॉरी म्हणाली. "मी दिवसभर घरात होते. एक रुमाल भिजला नाही."

"तू हिची बाजू घेतेस."

"मी खरं बोलते, वॉल्ट. तुझ्या बापाची शपथ."

नॉर्मा वर कपाटातून टॉवेल काढत होती. एक हात आत, दाराच्या चौकटीवर. वॉल्ट तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर आला. त्याने दार धरले आणि सारा भार देऊन आपटले. मग उघडून पुन्हा आपटले. मी आत होतो, मित्रांनो. तिची बोटे माझ्यासमोर होती. तीन बोटे मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि तो आवाज पाइपाचा नव्हता.

इस्पितळात नॉर्माने सांगितले की बोटे दारात सापडली. तेवढे खरेच होते. त्या दिवसानंतर फ्लॉरी बदलली. सून एका हाताने बटाटे सोलायची आणि सासू तिच्याकडे बघत बसायची. मुलगा हाक मारायचा तर ओ द्यायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. मला वाटले, म्हातारी घाबरली. मी चुकलो.

जहाज पुन्हा सुटायचा दिवस आला. सकाळी थंडी एवढी की न्हाणीघराच्या काचेवर आतून बर्फ साचला होता. वॉल्टने खाली जाऊन स्वतःसाठी रेडिएटर चालू केले आणि गरम पाण्याचे बटण नेमाप्रमाणे बंद केले. माझी वीज गेली, स्प्रिंगने माझे दार मिटले. खाली नॉर्मा एका हाताने त्याची अंडी तळत होती.

तेवढ्यात कपाट उघडले. समोर फ्लॉरी. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, काखेत वॉल्टचे कपडे. तिने माझ्या दांडीवर बोट ठेवले.

"उघड, बाबा," ती पुटपुटली. "एकदाच उघड."

तिने सावकाश रेटले, ऑम्बलरने शिकवले होते तसे, आणि दांडी खाचेत अडकवली. माझे दार उघडले. भावाच्या वाटेने जाणारे उकळते पाणी माझ्याही अंगातून वाहू लागले. टाकी तापेपर्यंत ती टबाच्या काठावर बसून राहिली. मग तिने नळ पूर्ण सोडला.

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वर पाणी कोण सोडतंय?"

"आई असतील," नॉर्मा म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला लागतं."

पण साबणाचा वास आणि वाफ जिन्यावरून खाली उतरत होती. वॉल्ट धावत वर आला. न्हाणीघराचे दार उघडेच होते. टबात त्याचा निळा लोकरी स्वेटर, त्याचे शर्ट, त्याचे मोजे; आणि टबाशी गुडघे टेकून त्यांच्यावर वाकलेली त्याची आई.

"आई, काय करतेस तू?"

"तुझे कपडे धुते."

"आज?" त्याचा आवाज चिरकला. "अगं, आज?"

"आजच." ती वळली नाही. "तुझा बाप निघाला त्या दिवशी मी बोटभर चिंधीसुद्धा भिजवली नव्हती. तरी गेला. आज धुऊन बघते, खरंच कुणी धुऊन जातं का."

"मी तुझा मुलगा आहे!"

"म्हणून तर मीच धुते. नॉर्माला कशाला पाप? आणि तिला बोटं तरी कुठं उरलीत?"

वॉल्टने हात उगारला. फ्लॉरीने मान वर केली आणि त्या हाताकडे बघत राहिली. तो हात आईवर पडला नाही, पण हवेत थांबेना. तो वळला, त्याने कपाटाचे दार बिजागरीसकट उपटले आणि तो माझी दांडी ओढू लागला. ती आधी उचलायची, मग सोडायची असते. त्याला ते कुठे माहीत? त्याने मुठीने हाणले. पत्रा चेपला, त्याच्या बोटांची सालटी निघाली, माझ्यावर रक्त उडाले. मग त्याने समुद्रावरचा लोखंडी टाचेचा बूट उगारला आणि माझ्या डोक्यात घातला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. माझी मोटर चिरडली. दांडी वाकून खाचेत रुतली ती कायमची. मला बंद करायला आलेल्या माणसाने मला जन्मभरासाठी उघडे करून ठेवले.

"वॉल्ट!"

जिन्यावर नॉर्मा उभी होती. चांगल्या हातात तवा, तव्यात कडकडीत तेल. "टॅक्सी आलीये. उतर खाली. माझ्या बाजूनं नीट उतर, नाहीतर हे सगळं तुझ्या तोंडावर जाईल."

तो उतरला. भिंतीला चिकटून उतरला. बाहेर टॅक्सीत त्याच्या जहाजावरचे दोघे बसले होते. तो आत बसला तेवढ्यात फ्लॉरीने न्हाणीघराची खिडकी उघडली, त्याचा ओला शर्ट हातात धरला आणि त्याला निरोपाचा हात केला. सगळ्या गल्लीने पाहिले. टॅक्सीतल्या दोघांनीही पाहिले. शर्टातून पाणी ठिबकत होते आणि म्हातारी रडत होती.

पुढचे मला आयव्हीच्या तोंडून कळले. टॅक्सीतल्या दोघांकडून ही बातमी गोदीवर वॉल्टबरोबरच पोहोचली. ज्याला त्याच्या आईनेच धुऊन टाकले, त्याच्यासोबत समुद्रावर कोण जाईल? खलाशांनी त्याची पिशवी धक्क्यावर फेकली. त्याने एकाचा गळा धरला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला तुडवले. नाक फुटले, दात पडले. जहाज त्याच्यावाचून सुटले. त्या फेरीहून ते सुखरूप परतले, हेही सांगून ठेवतो.

संध्याकाळी वॉल्ट घरी आला. मी खालच्या दरवाजावरच्या लाथा मोजल्या नाहीत, पण प्रत्येक लाथेसरशी माझे पाइप थरथरत होते.

"आई! दार उघड!"

"कोण आहे?" फ्लॉरीने आतून विचारले.

"मी वॉल्ट!"

"वॉल्ट बुडाला. सकाळीच बुडाला. तू कोण?"

"दार तोडीन! दोघींना जिवंत सोडणार नाही!"

नॉर्मा दाराला पाठ लावून उभी राहिली. फळी कडकडली. आणि तेव्हा शेजारचे दार उघडले. आयव्ही बाहेर आली, हातात शेगडीची लोखंडी सळई. तिच्यामागून पलीकडची, समोरची, कोपऱ्यावरची, जिच्या हाताला जे लागले ते घेऊन. ज्यांनी वर्षानुवर्षे भिंतीला कान लावून कानाडोळा केला होता, त्या सगळ्या.

"आज पाइप वाजत नाहीयेत, वॉल्ट," आयव्ही म्हणाली. "आम्हाला ऐकू येतंय."

त्याने तिच्यावर झेप घेतली. सळईचा आवाज झाला आणि त्याची किंकाळी. मग लंगडत जाणारी पावले. ती कोपऱ्यापर्यंत ऐकू आली, पुढे नाही. वॉल्ट पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बंदरात गेला, तिथे मासळीच्या कारखान्यात दिसला, असे कुणी कुणी सांगायचे. तो हेसल रोडवर पुन्हा आला नाही.

त्या संध्याकाळी फ्लॉरी वर आली आणि तो शर्ट माझ्या वरच्या फळीवर वाळत घातला. फळीला डोके टेकून ती खूप रडली. "माझं बाळ," एवढेच म्हणत होती. मी तापलेला होतो, तिला ऊब देत राहिलो. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हते. तो शर्ट पुढे कधी कुणी घातला नाही आणि फेकलाही नाही.

काही दिवसांनी ऑम्बलर आला. माझे चेपलेले डोके बघून तो चुकचुकला. "हा गेला. आता तीन तोंडांचा एकच बसवू का?"

"दोनच राहू देत," नॉर्मा म्हणाली. "आणि हा तसाच."

"अहो, हा कायमचा उघडा झालाय. रेडिएटर लावलेत की पाणी तापणारच, हवं असो नसो."

"तापू दे. या घरात गरम पाणी बंद करायचं बटण मला नको."

ऑम्बलरने हत्यारे पिशवीत भरली. दार नसलेल्या चौकटीकडे बघत तो म्हणाला, "मागे आलो होतो तेव्हा मी..."

"तेव्हा तुम्ही पाइप बघितलेत," नॉर्मा म्हणाली. तो मान खाली घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला नवे, जाड लाकडाचे दार बसवून गेला.

नॉर्माची बोटे पुरती सरळ झाली नाहीत, पण कणीक मळता येऊ लागली. फ्लॉरी गेली ती तिच्या मांडीवर. पुढे नॉर्माही गेली, घर विकले गेले. नव्या लोकांनी भिंतीवर बिनटाकीचा बॉयलर लावला. प्लंबर पोरगा मला कापून काढताना म्हणाला, "हे काय भंगार! कुणी हातोड्यानं मारलंय की काय याला?" त्याला उत्तर कोण देणार?

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी जातभाई असेल तर त्याच्यावर टॉवेल कोंबू नका. वर्षातून एकदा मोठ्यांना सांगून त्याची दांडी हळूच सरकवून बघा, म्हणजे तो गंजून अडकणार नाही. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. मी आयुष्य पाइपांच्या संगतीत काढले, त्यांचे सगळे आवाज मला ओळखू येतात. तापताना ते टिकटिक करतात, निवताना कुरकुरतात, हवा अडकली तर गुरगुरतात. भिंतीपलीकडून धप्प असा आवाज आला आणि मग एकदम शांत झाले, तर ते पाइप नसतात. तेव्हा मोठ्यांना उठवा, सगळे मिळून जा, आणि ते दार वाजवा.